पहिल्या कडव्यापर्यंत

"अवं पोरी, अंगाई अर्धी तोडू नये. गाणारीचा दम तुटते," शेजारच्या रजियाबी म्हणाल्या होत्या. मी हसले. "खाला, ते रेकॉर्डिंग आहे."

माझ्या आईने गायलेली अंगाई मी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका साध्या पानावर टाकली होती. पहिल्याच कडव्याला माझी लेक झोपायची, म्हणून तिथे आवाज थांबवणारी एक ओळ कोडमध्ये लिहिली.

आई अकोल्यात, जुन्या शहरात, एकटी राहते. परतवाड्याहून मी तिला रोज फोन करते. परवा ती बरोबर त्या कडव्याएवढाच वेळ बोलली आणि थांबली. "काय वं, काय सांगून राहिली होती मी?" कालही तेच.

मी ती ओळ पुसली. तरी अंगाई तिथेच थांबली. मूळ फाइल उघडली, तर तीही तेवढीच उरली होती. पुन्हा लावली, तेव्हा कडवंही पुरं झालं नाही.

आत्ता फोन लावला. आई "हॅलो, बा..." एवढंच बोलली. फोन सुरू आहे. पलीकडे पंखा ऐकू येतो.

शेत विकून सुरतेला गेलेला भाऊ मेसेजवर म्हणतो, "रेंज नसंन. मले सुट्टी नाही."

मी इथून पोचेपर्यंत उशीर होईल. तुम्ही अकोल्यात असाल, तर मोर्णा नदीकाठी तिचं दार वाजवा. तिला एक आख्खं वाक्य बोलायला लावा.