तिसरा प्लग

"सिमिट घट्ट कालव. पातळ झालं तर प्लगाची लाकडी गुल्ली ऱ्हाईल का भितीत?" गुंडेराव स्टुलावरून खेकसला.

रुद्रम्मानं घमेल्यातलं पाणी निथळवलं आणि पुन्हा कालवायला बसली. पाच वर्षं ज्या खोलीत तिची बाज होती, त्या खोलीला आता तीन प्लग बसत होते. एक रेडिओला, एक टेबलफॅनला आणि एक नुसताच, असावा म्हणून. आज हळद होती, उद्या नवी बायको येणार होती. रुद्रम्माची बाज सकाळीच सरपणाच्या खोलीत गेली होती.

स्वयंपाकघरात एक दिवा द्या, असं ती पाच वर्षं म्हणत आली. नवरा गुंडेराव गुलबर्ग्याच्या बिजलीघरात वायरमन. त्याला काय जड होतं? पण सासू सोजराबाई म्हणायची, "वांझंला उजेड कशाला? चुलीचा हाय की." सोजराबाई तिला घरातल्या कुठल्याच दिव्याला हात लावू देत नसे. तो मान लेकुरवाळीचा, म्हणे. सांजवात तीच लावी आणि निजताना दिव्यापाशी तीच जाई.

रुद्रम्मानं हे सगळं गिळलं होतं. मागच्या महिन्यात भाऊ शिवशंकरप्पा निंबर्ग्याहून आला, तेव्हा मात्र ती त्याच्यापुढं कानडीत रडली. "अण्णा, मला घेऊन चल. हितं मरायलेय मी."

भावानं मान खाली घातली. "नवरा जित्ता असताना बहीण घरी ठिवून घेतली तर लोक तोंडात शेण घालतेत, रुद्री." आणि तो एकटाच गेला.

गुंडेराव कामाला मात्र पक्का होता. मेन ओसरीवर होता: लोखंडी पेटी, बाजूला दांडा. दांडा वर असला की करंट चालू, खाली ओढला की बंद. तारेला बोट लावायच्या आधी तो स्वतः ओसरीवर येऊन दांडा खाली ओढी. प्लग बसवला की जाऊन वर करी आणि बल्ब लावून पाही. प्रत्येक प्लगाच्या तिसऱ्या भोकाची तार त्यानं भिंतीतून थेट जमिनीत नेऊन पुरली होती.

"नव्या माणसाला झटका बसाय नगं," तो आईला कौतुकानं म्हणाला. रुद्रम्मा घमेलं घासत होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या प्लगात बल्ब पेटला. येरझाऱ्या घालून गुंडेरावाचे पाय भरून आले होते. दुपारी हळदीच्या बायका यायच्या होत्या आणि सोजराबाई खोलीच्या दारात बसून सारखी घाई करत होती.

"रुद्रम्मे, मेनपाशी जाऊन हुबी ऱ्हा. म्या सांगीन तवा वाढव."

"बरं जी."

ती ओसरीवर गेली. दांडा वर होता. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरत होती.

"वाढव!" आतून हाक आली.

रुद्रम्मानं दांड्यावर हात ठेवला. हाताला सिमिट लागलेलं होतं.

"वाढवलं का गं?"

"व्हय जी, वाढवली."

पाच वर्षांत तिनं नवऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, की खोटं सांगितलं नव्हतं. गुंडेरावानं बल्ब लावून पाहिला नाही. सरळ तारेला हात घातला.

स्टूल पडल्याचा आवाज झाला. मग सोजराबाईची किंकाळी आली.

संध्याकाळी पोलीसठाण्याचे अमीनसाहेब आले. रुद्रम्मा कोपऱ्यात बसली होती. दांड्यावर तिच्या बोटांचे सिमिटाचे ठसे होते आणि दांडा वर होता.

"वाढव म्हणले," ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "दांडा वरच हुती. म्या आनीक वर दाबली. वाढवली म्हणून सांगितली."

अमीनसाहेबांना काही उमजेना. सोजराबाईनं कपाळ बडवून घेतलं. "सायब, आमच्यात बंद कर, विझव असं म्हणत न्हाईत. अशुभ असतंय. दिवा वाढव म्हंजे घालव. आज तर लग्नघर. माझं लेकरू तसंच म्हणलं."

"हौ, हमारे में भी चराग बढ़ाते हैं," अमीनसाहेब म्हणाले. मग त्यांनी रुद्रम्माकडं बोट केलं. "लेकिन पाँच साल में इसकू इत्ता बी नहीं मालूम?"

सोजराबाईचा आवाज फाटला होता. "तिला कुठून ठावं असंल, सायब? ती कानडी घरातली. म्याच तिला पाच वर्षं दिव्यापाशी जाऊ दिलं न्हाई. म्याच मारलं माझ्या लेकराला."

अमीनसाहेबांनी लिहिलं: भाषेच्या घोटाळ्यानं अपघात. शेजारणी हळहळल्या. साधीभोळी पोर, त्या म्हणाल्या, आता जन्मभर हे मनाला खात राहील.

दिवसकार्य झाल्यावर शिवशंकरप्पा गाडी घेऊन आला. विधवा बहिणीला नेणाऱ्या भावाला कुणी नाव ठेवत नाही. निघताना सोजराबाईनं सुनेचे दोन्ही हात धरले. "मला माफ कर गं," ती म्हणाली. म्हातारीचे हात बर्फासारखे गार पडले होते. रुद्रम्माला तिची कीव आली. राग मात्र तसूभर हलला नाही.

निंबर्ग्यात पहिल्या दिवशी तिला जात्याच्या घरघरीनं जाग आली. आई, गुरुबाई, कोनाड्यातल्या दिव्याच्या उजेडात दळत बसली होती. दारातून ऊन आत आलं, तशी दळता दळताच तिनं लेकीला कानडीत हाक मारली.

"रुद्री, दीपा दोड्डदु माड."

दिवा मोठा कर.

रुद्रम्मा उठली, आणि लहानपणापासून रोज करायची तसाच, पदराच्या वाऱ्यानं तिनं तो घालवला.