राणीचं दुसरं मरण

विषाचा पेला खाली ठेवून राणी मेली आणि जगदेवराव पाटलांनी डोळे पुसत हाक दिली, "वन्स मोअर."

मांडवानं ती हाक उचलली. रिवाजच होता तसा. गाणं आवडलं की मेलेल्यालाही उठावं लागे. राणी झालेला शालिग्राम उठून बसला. ओठावरचा घाम त्यानं पदरानं टिपला. पेटीवाल्यानं सूर धरला आणि राणी पुन्हा मरू लागली.

माय येईल धावत, दारी दिवा तेवढा लावा,
माझा उघडा हा डोळा, तिच्या हातानं मिटावा.

राजाच्या संशयापायी निर्दोष राणी जीव देते, असं ते नाटक. राजा झाला होता जानराव, पाटलांचा एकुलता मुलगा. तो राणीच्या पायाशी कोसळला होता आणि ऊर बडवून रडत होता. त्याची खरी बायको रुख्मिणी दीड महिन्यामागे मळ्यातल्या विहिरीत सापडली. तेव्हा त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. पाय घसरला, असं पाटलांनी सांगितलं. गावचे पोलीस पाटीलही तेच, म्हणून कागदावरही तेवढंच आलं.

हरभरा घरी आल्यावर पाटलांनी हा खेळ लावला होता. बायांनाही पाहता यावा म्हणून भरदुपारचा. बायांच्या बाजूला नुसते हुंदके चालले होते.

"काय गुणाची राणी होती माय."

"अन् मेली कशी पाहा, निरा फुलावानी."

याच बाया दीड महिन्यामागे विहिरीच्या काठावर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तेव्हा एकीच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. पाटलांच्या देखत रडायची कुणाची छाती होती? आज पाटीलच रडत होते, म्हणून साऱ्यांना रडायला मोकळीक होती.

तेवढ्यात तुळसाबाई मांडवात शिरली. रुख्मिणीची आई. मेडशीहून तीन कोस चालत आली होती. आधी वाड्यावर गेली, तर सारे नाटकाला गेले, असं गड्यानं सांगितलं. तिच्या काखेत एक बोचकं होतं आणि बोचक्यात कोरं हिरवं लुगडं.

नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी बाई मेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. ते येईस्तोवर तिरडी उचलत नाहीत. दिवस कलला तरी वाट पाहतात. पाटलांनी पाहिली नव्हती. निरोप मेडशीला पोचला तेव्हा इकडे धूर निघाला होता. ते लुगडं तुळसाबाईला नेसवत नव्हतं आणि कुणाला देववतही नव्हतं. आज ते पाटलांच्या उंबऱ्यावर टाकायचं आणि मागे न पाहता निघायचं, एवढंच ठरवून ती आली होती.

आणि इथे तिचा जावई पायाशी पडून रडत होता. लुगडं नेसलेल्या शालिग्रामासाठी.

माणसांच्या रांगांमधून ती सरळ पुढे गेली. नाटकाच्या फळ्यांवर चढली. कुणी अडवलं नाही. नाटकातलीच कुणी म्हातारी असेल, असं मागच्यांना वाटलं.

"ईहीणबाई," पाटील बसल्या जागेवरून म्हणाले, "नाटक हाय ते. तो शालिग्राम हाय."

"ठाऊक हाय मले, ईवाई. तुमी रडून राह्यले, म्हून पाहाले आली का कोण मेलं."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.

तुळसाबाई राणीजवळ बसली. तिनं एकेक हात उचलून उलटा-पालटा करून पाहिला. पाठीखालून हात फिरवला. मग हनुवटी वर करून गळा पाहिला, बराच वेळ. सफेद्याखाली शालिग्रामाचा सावळा गळा होता आणि तो धडधडत होता.

"लुगडं घालाच्या आधी मायनं लेकीचं अंग पाहा लागते, जावईबापू," ती म्हणाली. लहान मुलाला शिकवावं तशी. "लेक सुखात होती का नाही, ते अंग सांगते. तुमी मले पाहू नाही देलं."

जानरावचं रडणं थांबलं होतं. कलंडलेला मुकुट सरळ करायला गेलेला हात तिथेच राहिला.

तिनं हिरव्या लुगड्याची घडी मोडली. ते राणीच्या पायांवर पसरलं आणि वर ओढत गळ्यापर्यंत आणलं. सासरी निघालेल्या लेकीचा पदर नीट करावा तशा हातानं तिनं त्याच्या सुरकुत्या काढल्या.

"वन्स मोअर," मागून एकजण ओरडला. त्याला हाही खेळच वाटला होता.

पाटील उभे राहिले. "ऊठ शालिग्राम. पुढचा खेळ लाव."

शालिग्राम उठला नाही.

"बह्यरा झाला काय बे? ऊठ म्हणतो ना."

"माहेरचं लुगडं पडलं, पाटील," शालिग्राम डोळे मिटूनच म्हणाला. "आता कसा उठू?"

पेटीचा सूर तुटला. तुळसाबाई बायांकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही.

"माह्या लेकीले कोणं धुतलं होतं?"

बायांनी माना खाली घातल्या. एकीनं मांडीवरचं लेकरू उगाच थोपटायला घेतलं. शेवटी खांबाजवळून प्रयागबाई उठली. गावातल्या मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ घालायचं काम तिचंच होतं.

"प्रयागे, खाली बस," पाटील म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"म्या धुतलं, बाई. गळ्यावर पाच बोटं होती. तीन घागरी पाणी घातलं, नाही निघाली."