हिरवा पट्टा

निम्म्या सैनिकांना वाचता येत नसे, म्हणून क्षेपणास्त्रांवर अक्षरांऐवजी पट्टे असत. सैन्य दुभंगलं, तरी पट्टे दोन्हीकडे तेच राहिले. लाल उष्णतेमागे धावतं, नाकाकडून उघडायचं. हिरवं आवाजामागे धावतं, शेपटीकडून उघडायचं. उलट झालं की खोलीसकट सगळे गेले. आज शत्रूचं न फुटलेलं क्षेपणास्त्र निकामी करायला आमच्या टेबलावर आलं. “हिरवं आहे काका, शेपटीकडून घेतो,” मिस्त्री पाना लावत म्हणाला. मी पाहतो तर ताज्या रंगाचा पट्टा शेवटी वर वळलेला. ही लकब नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या माझ्या दादाची. म्हणजे तो जिवंत होता, पलीकडे. आम्ही दोघं पट्टे रंगवायचो. त्याला लाल, हिरवं सारखंच दिसे, म्हणून रंगाचे डबे मीच निवडायचो. हसावं की रडावं, कळेना. “थांब. हे लाल असेल.” “काका, चष्मा पुसा.” मी पाना हिसकावला. तिकडे दादाचे डबे कोण निवडत असेल?