खाटेची जागा

"या घरात सरळ म्हणून कुठे जाता येत नाही," सून माझ्या कानाशी कुरकुरली. मागची पडवी आत घेऊन मधली खोली वाढवायची आणि काकूंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा, वर्षभर बंद असलेला शिवणक्लास पुन्हा सुरू करायचा, म्हणून तिनंच मला बोलावलं होतं.

घरांची आतली मांडणी आखून द्यायचं हे काम मी शिकले ते स्वतःच्या घरचा ओटा तीनदा फोडून. कागदावरचा नकाशा कुणाला कळत नाही, म्हणून मी खडूनं फरशीवरच आखते. इथे मशिनी, इथे कापायचं टेबल. मग घरच्यांना त्यातून चालायला सांगते.

सून चालली, मुलगा चालला, काकू चालल्या. तिघांनीही रिकाम्या खोलीच्या मधोमध वळसा घातला. तिथे फरशीवर खाटेच्या चार पायांचे डाग होते. काका जाऊन वर्ष झालं होतं, खाटही केव्हाच माळ्यावर गेली होती.

"बाबा पडल्यापडल्या मशिनीच्या आवाजावरून ओळखायचे, बॉबिन संपली म्हणून," मुलगा हसला.

"टेबल भिंतीला लावू या का?" मी विचारलं.

"हो हो, तेच बरं," तो घाईनं म्हणाला. सुनेनंही मान हलवली.

काकूंनी माझ्या हातातला खडू घेतला, पदर खोचला आणि त्या चार डागांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"टेबल इथेच येऊ दे, उजेड इथे चांगला आहे," त्या म्हणाल्या. "खाट नाही रे आता इथे. हेही नाहीत."