साठच ठोके

पेसमेकर बसवल्यापासून बाबा घराकडच्या चढावर दर दहा पावलांना थांबायचे. फिजिओथेरपिस्ट लेक वैतागून शेजाऱ्यांसमोरच एकदा बोलून गेली, "माझे ऐंशी वर्षांचे पेशंटसुद्धा भराभर चालतात, बाबा. तुमची नाटकं पुरे झाली." त्यानंतर बाबांनी तक्रार केली नाही, दम लागला की ते दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहायचे. आज लेक त्यांना पेसमेकरच्या तपासणीला घेऊन गेली. तंत्रज्ञाने त्यांना व्हरांड्यात चालवलं आणि पडद्याकडे बघत तो म्हणाला, "बसा नाहीतर पळा, ठोके साठच. श्रम वाढले की ठोके वाढवायची पेसमेकरमधली सोय सुरूच केलेली नाही. आठ महिने कसं निभावलंत, काका?" त्याने ती सुरू करून दिली. परतताना बाबा न थांबता चढ चढले आणि वळून म्हणाले, "बरं झालं, पोरी. मलाही वाटायला लागलं होतं, मी आळशी झालोय." मागे राहिलेल्या लेकीला मान वर करवेना.