पाचवं काडतूस

"जुनं आहे की नवं, एवढंच सांग," लव्हॉन म्हणाली आणि टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर तिनं ऑर्विलच्या टेबलावर ठेवलं.

बंदुका दुरुस्त करण्यात ऑर्विलचा जन्म गेलेला. त्याला हे ओळखायला काय लागतंय! एल्क हरणाच्या शिंगाची ती मूठ त्यानंच घासून बसवली होती, नळी दोन बोटं आखूड त्यानंच केली होती. काडतुसावर आपटणारा घोडा लोण्यासारखा मागं यावा म्हणून आठवडाभर खपला होता. लव्हॉनचा नवरा एमेट ते हातात घेऊन किती खूश झाला होता. तरी ऑर्विलनं चष्मा लावला आणि बाजूचे स्क्रू मोजले. बाईच्या समाधानासाठी.

"तीन स्क्रू. जुनंच. नव्याला स्क्रूच्या जागी दोन पिना असतात."

"म्हणजे नुसतं पडलं तरी उडतं?"

"उडतं की. घोड्याची चोच थेट काडतुसावर टेकलेली. दगडावर आपटलं की बार. नव्यात मधे पट्टी असते. मी एमेटला म्हटलं होतं, बसवून देतो म्हणून. ऐकेल तर शप्पथ!"

लव्हॉन मटकन स्टुलावर बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला.

"मग हे माझ्या पोराला सांग, रॉइसला. तुझ्या तोंडानं. बाहेर गाडीत बसलाय, आत यायला तयार नाही. त्या दिवशी न्याहारीला बापाला बोलला, तू मेल्याशिवाय या कुरणाचं भलं व्हायचं नाही. तासाभरात फाटकापाशी बार झाला आणि बाप गेला. शेरीफ म्हणतो, पडून उडालं की एमेटनं स्वतःच उडवलं, कळायला मार्ग नाही. तिशीचा बाप्या, पण घास उतरत नाही त्याच्या नरड्याखाली. त्याची रायफल मी घोड्यांच्या चंदीच्या पिंपात पुरून ठेवलीय, ऑर्विल. तासातासाला जाऊन चाचपून येते."

"बोलाव की त्याला. सांगतो."

तिनं पर्समधून लखोटा काढला. "शेरीफनं हेही परत दिलं. माझा हात होईना उघडायला."

ऑर्विलनं लखोटा टेबलावर पालथा केला. चार काडतुसं आणि एक उडालेली पुंगळी. त्यानं लखोटा पुन्हा झटकला. आत काही नव्हतं.

"पाचच?"

"पाचच असणार," लव्हॉन अभिमानानं म्हणाली. "एमेट चक्रातलं सहावं घर कायम मोकळं ठेवायचा आणि घोडा त्या मोकळ्यावर. चाळीस वर्षं! एवढा जपणारा माणूस स्वतःला कशाला काही करेल?"

ऑर्विलनं चष्मा काढून ठेवला.

"काय झालं रे?"

ऑर्विल तोंडाचा फटकळ. अख्ख्या परगण्यात त्याला कुणी गोड बोलताना ऐकलं नव्हतं. पण आता तो ती काडतुसं एका ओळीत लावत बसला.

"अगं, घोडा मोकळ्या घरावर असला," तो शेवटी म्हणाला, "तर त्याच्याखाली काडतूसच नसतं. पडू दे, आपटू दे, दगडानं ठेच. उडत नाही. उडवायचं तर घोडा हातानंच मागं ओढावा लागतो."

बाहेर वायोमिंगचं वारं दुकानाचा पत्रा वाजवत होतं.

"रॉइसला हे माहीत आहे?" लव्हॉननं विचारलं.

"बापानंच शिकवलंय. माहीत नसायला काय झालं!"

"मग बापापाठोपाठ पोरगाही गेला माझा." तिनं त्याची बाही धरली. "काहीतरी कर. ऑर्विल, देवाची आण आहे तुला, काहीतरी कर!"

बाहेर गाडीचं दार आपटलं. फळ्यांवर बूट वाजायला लागले. ऑर्विलनं खण ओढला, त्याच मापाचं एक काडतूस उचललं आणि त्या चारांत टाकलं.

रॉइस आत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आईकडे त्यानं पाहिलंच नाही. टेबलाशी उभा राहून मोजलं.

"पाच आणि एक पुंगळी. बाबानं सहा भरली होती?"

"सहा," ऑर्विल म्हणाला. "जुनं मॉडेल आहे. फाटक ओलांडताना पडलं असणार, दुसरं काय."

"काका, मी एकदा सहा भरली तर बाबानं कानाखाली जाळ काढला होता माझ्या."

"म्हातारा झाला होता रे तो," लव्हॉन म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "विसरायला लागला होता. चष्मा कपाळावर आणि शोधायचा घरभर."

रॉइसनं काडतुसं एकेक करून उचलली. एमेटच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात वर्षानुवर्षं राहून त्यांच्या पितळेवर हिरवट थर चढला होता, तो बोटांना लागत होता. चार तशी होती. पाचवं लख्ख होतं.

ते त्यानं खिडकीच्या उजेडात धरलं. लव्हॉननं टेबलाची कड घट्ट पकडली. ऑर्विल खाली वाकून कानस शोधायला लागला, ती त्याच्या हातातच होती.

मग हिरव्या झालेल्या बोटांनी रॉइस ते काडतूस चोळू लागला. चोळत राहिला, त्याची चकाकी जाईपर्यंत. बाकीच्या चारांत मिसळून त्यानं सगळी लखोट्यात भरली आणि लखोटा आईच्या पर्समध्ये ठेवला.

"विसरला असेल," तो म्हणाला. "चल आई, घरी चल. मला काहीतरी खायला कर."