चौकातला डिजिटल

शिवशरणचं तोंड खाली येत होतं. दोघेजण बांबूवर चढून फलकाच्या दोऱ्या सोडत होते. आधी त्याच्या कपाळावरचं भस्म दुमडलं, मग नाक, मग ते लाल ग्लोव्हज. कोडोलीच्या चौकात उभा राहून आदर्श डोळे भरून बघत होता. आज शिरोलीच्या फौंड्रीतली पहिली पाळी त्याने मुद्दाम बुडवली होती.

वर्षभर हे तोंड त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. दोघं तालमीमागच्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकले. सरावात दहापैकी सात वेळा आदर्शच भारी पडायचा. पण हंबीररावांनी उचललं ते शिवशरणला. हे हंबीरराव कुठून आले, त्यांच्यामागे पैसा कुणाचा, कुणी विचारलं नाही. ते कोल्हापुरात बॉक्सिंगच्या मोठ्या लढती भरवणार, लोकांनी त्यात पैसे गुंतवायचे आणि दीड वर्षात दुप्पट घ्यायचे, असं त्यांचं सांगणं. कागदपत्रं वाचायच्या भानगडीत कोडोलीकर पडले नाहीत. डिजिटल फलकावर गावचा पैलवान दिसला, एवढं त्यांना पुरलं. त्याच्या तोंडाकडे बघून अर्ध्या गावाने पैसे भरले.

आदर्श जळत होता. रोज त्या चौकातून जाताना तो हेल्मेटची काच खाली ओढायचा. शिवशरणच्या दारात नवी गाडी आली तेव्हा याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आदर्शच्या आईने, बयाबाईने मात्र नवऱ्याच्या फंडाचे सहा लाख बँकेतून हलवले नव्हते.

"त्या शिवशरणच्या तोंडाकडं बघून मी न्हाय भरायची," ती म्हणायची. "माझ्या पोराचं असतं तर गोष्ट येगळी."

हे ऐकून आदर्शला बरं वाटायचं आणि लगेच दुप्पट जळजळायचं.

मग चार दिवसांपूर्वी खुद्द हंबीररावांचा फोन आला. पुढची मुख्य लढत आदर्शची, डिजिटलही त्याचाच. किती मिळणार, कधी मिळणार, गड्याने काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "शिवशरणचा उतरवणार न्हवं?"

आता नवा फलक वर चढला. नारळ फुटला. आदर्शचं तोंड शिवशरणच्या तोंडापेक्षा हातभर मोठं होतं. त्याने ते दोनदा नजरेनेच मोजलं.

तेवढ्यात शिवशरण आला. पायी. दाढी वाढलेली, डोळे लाल. बरी जिरली, आदर्शच्या मनात आलं.

"आदर्शा, त्ये खाली घे. आत्ताच्या आत्ता."

"का? जळायलास व्हय? वरीसभर मी जळलो, आता तू जळ की लेका!"

शिवशरण चिडला नाही. चिडला असता तर आदर्शला बरं वाटलं असतं.

"लढतीत एक रुपाया सुटत न्हाय," तो म्हणाला. "नव्या लोकांचं पैसं घिऊन जुन्यास्नी देतोय त्यो. माझंच तीन महिनं थकलंय. हप्ते तटलं म्हणून गाडी वडून नेली. उद्या त्यो पळाला की लोकं कुणाच्या दारात येणार? ज्येचं तोंड वर हाय, त्येच्या. मी त्येच्या पाया पडलो, माझं काढा म्हणून. त्यो म्हणाला, दुसरं तोंड आणून दे, मग काढतो."

"मग?"

"मी तुझं नाव दिलं." शिवशरणने मान खाली घातली. "तू न्हाय म्हणणार न्हाईस, ठावं हुतं मला."

आदर्शने वर बघितलं. वरचा आदर्श मुठी वळून हसत होता. वर्षभर ज्याच्यासाठी जळला, ते हे. दोऱ्या सोडायला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

चौकात वडापची जीप थांबली. बयाबाई पेढ्यांचा पुडा सांभाळत उतरली. मान उंच करून तिने फलकाकडे बघितलं आणि दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडली.

"सकाळी बँक उघडल्या उघडल्या समदं काढलं आन् हंबीररावांच्या हापिसात भरून आले बघ," ती लेकाच्या तोंडात पेढा कोंबत म्हणाली. "आता कसली काळजी? तोंड घरचंच हाय की!"